गणपतीला गावी, भर पावसात

गणपतीला मामाकडे, आत्याकडे कोकणात निघालेल्यांना बहुतेकदा भर पावसातच मुंबई-गोवा महामार्ग गाठावा लागतो. वरंधसारखे घाट दरडींमुळे अनेकदा बंद असतात. निघण्याआधी चौकशी केलेली बरी. घाटात डोंगराकडून अचानक गढूळ पाणी आणि बारीक दगड येऊ लागले, तर तिथे फोटो काढत रेंगाळू नका. दरड सुटण्याआधीची ती खूण असू शकते. काच आतून धुरकटली, की फडक्यानं पुसत बसण्यापेक्षा एसी काचेकडे वळवा.

पुलावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल, तर मात्र पुढे जायचंच नाही. वेगानं वाहणारं फूटभर पाणीही लहान गाडी उचलतं, दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहून जातात. शिवाय खाली रस्ता उरलाय की नाही, ते वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि अंधारात दोन एसटी गाड्या नदीत गेल्या.

आणि हो, आत्याचा "कुठवर आलात रे?" हा फोन येतच राहणार. तो चालवणाऱ्यानं नाही, शेजारी बसलेल्यानं घ्यावा.