दोन दिवसांत अचलपूर



दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या गोष्टी सुरू होतात. कुठे जायचे, असे गुरुजी विचारतात. वर्गातून उत्तरे येतात: मुंबई, रायगड, वेरूळ-अजिंठा. ही स्थळे पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. पण दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या खेड्यातल्या शाळेने तिकडे जायचे म्हणजे दोन रात्री गाडीत जातात आणि वर्गणी अशी होते की, ज्याच्या घरी अजून कापसाचे पैसे आलेले नाहीत ते पोरगे उठून म्हणते, "मला नाही यायचं जी." त्याला यायचे नसते असे नाही. बापाला विचारायचे त्याच्या जिवावर येते, एवढेच. सहलीची आखणी कुठून सुरू करावी असे मला कुणी विचारले, तर मी या पोराचे नाव सांगेन. तो ज्या सहलीला येऊ शकेल ती सहल आधी ठरवा, ठिकाण मग.

आणि ठिकाण जवळच आहे. बहामनी राज्य मोडले तेव्हा दक्षिणेत पाच शाह्या उभ्या राहिल्या. विजापूर, गोवळकोंडा, बीदर, अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही चार नावे मुलांना पाठ असतात. पाचवी वऱ्हाडची इमादशाही. तिची राजधानी एलिचपूर, म्हणजे आपले अचलपूर. अमरावतीहून ते पन्नासेक किलोमीटर, अकोल्याहून अकोट-अंजनगावमार्गे त्याच्या दुपटीच्या आसपास. बहिरमच्या यात्रेला निघालेले आपले कितीतरी लोक परतवाड्यावरून दरवर्षी जातात, हंडीतले मटण आणि रोडगे खाऊन परत येतात. वाटेत एका राज्याची राजधानी लागली होती हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. विजापूरला गेलात तर गोलघुमट स्वतःच बोलतो. लंडनला, रोमला गेलात तर हातात छापील नकाशा मिळतो, वाटाड्या मिळतो, दगडादगडावर पाटी असते. अचलपुरात तसे नाही. उरले आहे ते थोडे, आणि ते गावाच्या रोजच्या धबडग्यात मिसळून गेलेले. इथे वाटाड्या म्हणजे तुम्हीच, गुरुजी. म्हणून जाण्यापूर्वी तुम्ही एकट्याने, किंवा दोघा शिक्षकांनी मिळून, एक फेरी मारून यायची. मुक्कामाची जागा, पाण्याची सोय, मुलींसाठी संडास-मोरी, हे डोळ्यांनी पाहायचे. फोनवर "सगळी सोय आहे" असे ऐकले म्हणून वर्ग घेऊन निघू नये.

वेळ कोणती? माझे मत विचाराल तर संक्रांतीनंतरची. डिसेंबरात वेचणी भरात असते, मोठ्या पोरांना घरून सोडत नाहीत. आणि सोडले तरी त्यांचे मन शेतात. संक्रांतीनंतर थंडी असते आणि रानही पुरते वाळलेले नसते. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, शालेय सहलींना भाड्यात सवलत असते. आगारात महिनाभर आधी जाऊन लेखी अर्ज द्या. पालकांची संमती आणि शिक्षण खात्याची परवानगी हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिल्या दिवशी सकाळी हौज कटोरा. गावाच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर, गोल तलावाच्या मधोमध एक अष्टकोनी मनोरा उभा आहे. आज तीन मजले दिसतात; वर आणखी दोन होते असे सांगतात. मुलांना लगेच माहिती सांगू नका. आधी त्यांनी बाजू मोजाव्यात, कमानी मोजाव्यात, वहीत चित्र काढावे. मग विचारा, पाण्याच्या मध्ये इमारत का बांधली असेल? वैशाखात वऱ्हाडचे ऊन सोसलेल्या मुलाला याचे उत्तर पुस्तकातून शोधावे लागत नाही.

तिथेच सावलीत बसून गोष्ट सांगा. फतहुल्ला नावाचा एक मुलगा विजयनगरच्या मुलखात, कानडी घरात जन्मला. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला, आणि १४९० मध्ये स्वतःच इमादशाहीचा संस्थापक झाला. चौऱ्याऐंशी वर्षांनी, १५७४ मध्ये, अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाने हे राज्य गिळले. पण अचलपूर त्याहून जुने. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तो याच वाटेने. महानुभावांच्या ग्रंथांतही हे नगर आळजपूर या नावाने येते.

आणि त्याहूनही जुनी गोष्ट गावाच्या नैर्ऋत्येला सहा-सात किलोमीटरवर, चम्मक या खेड्यात घडली. एकोणिसाव्या शतकात तिथे शेत नांगरताना फाळाला ताम्रपट लागले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात हेच गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले, त्याचा तो लेख. दान सूर्यचंद्र असेपर्यंत. पण अटी घालून. राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी करायची नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. सरकारी कागदात अटी असतात त्या काही आजच्या नव्हेत! ताम्रपट आता गावात नाहीत. तरी वाटेवर असेल तर गाडी दोन मिनिटे उभी करा. नांगर धरणाऱ्याच्या मुलाला इतिहास इतक्या जवळून दुसरीकडे भेटणार नाही.

दुपारी शिदोरी सोडा. भाकरी, ठेचा, दशम्या घरूनच न्याव्यात, म्हणजे पहिल्या दिवसाचा जेवणखर्च वाचतो. नंतर गावातला दुल्हा दरवाजा आणि दुल्हा रहमानशहांचा दर्गा पाहून संध्याकाळी रेल्वे स्टेशनावर जा. गाडी येणार नाही; आपली शकुंतला बंद पडली आहे. मूर्तिजापूरपासून इथवर शहात्तर किलोमीटरची ही अरुंद रुळांची वाट किलिक-निक्सन कंपनीने कापसासाठी टाकली. आमचा कापूस मँचेस्टरला जाई, आणि १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत या मार्गावर धावले. मुलांच्या आजी-आजोबांपैकी कुणी ना कुणी त्या गाडीत बसलेले असणारच. घरी गेल्यावर त्यांना विचारायचे प्रश्न इथेच लिहून घ्या.

मुक्काम परतवाड्याला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून घाट चढायचा, तो गाविलगडासाठी. चिखलदऱ्यात पॉइंट पुष्कळ, नौका आहेत, घोडे आहेत. एका दिवसात सात पॉइंट दाखवणारी सहल मी पाहिली आहे. परत आल्यावर मुलांना आठवत होती ती फक्त कणसे. दोन-अडीच किलोमीटरवर गड आहे, तिथे थेट जा. पॉइंट वाटेत एखादा.

अहमदशहा बहामनीने १४२५ च्या सुमारास हा गड बांधला. दरवाजे एकामागून एक लागतात, त्यांवर कोरीव प्राणी आहेत. दोन डोक्यांचा गंडभेरुंड मुलांनी स्वतः शोधावा. तुम्ही बोट दाखवू नका. हा पक्षी विजयनगरकडचा. फतहुल्लाची गोष्ट काल सांगितली असेल, तर कुणीतरी पोरगी आपणहून म्हणेल, "गुरुजी, तो कानडी मुलगा!"

मग मधल्या खोल घळीपाशी मुलांना बसवा. बाहेरचा कोट अलीकडे, आतला पलीकडे. १८०३ मध्ये इंग्रजांनी २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांचा पराभव केला आणि ते गाविलगडावर आले. दक्षिणेचा चढ सरळसोट, म्हणून स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून स्वतः रस्ता करीत तोफा ओढल्या आणि त्या उत्तरेला आणून लावल्या. भिंतीला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला बाहेरचा कोट गेला. पण आतला तसाच. अखेर एका तुकडीने आतल्या भिंतीला शिड्या लावल्या, वर चढून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. त्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला तोही यानेच. युरोपात लोक वॉटर्लूचा सिंहाचा टेकाडा पाहायला तिकीट काढून २२६ पायऱ्या चढतात. गाविलगडाच्या तटावर बहुधा तुमचीच मुले असतील आणि माकडे.

गड पडका आहे. १८५८ मध्ये इंग्रजांनीच त्याची तटबंदी पाडून टाकली. म्हणून तटाच्या कडेला, तलावाच्या काठाला मुले सोडू नका. दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे. हा मेळघाटच्या जंगलाचा भाग, तेव्हा नाक्याच्या वेळा आधी विचारून घ्या आणि ऊन उतरण्यापूर्वी खाली या. दगडावर नाव कोरणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. भिंतीवर आधीचीच इतकी नावे आहेत की, मुलांना ती वाचायला लावली तरी पुरे.

परत आल्यावर सोमवारी फळ्यावर हिशोब लिहा: भाडे, मुक्काम, नाश्ता, शिल्लक. शिल्लक असेल ती वाटून परत करा, रुपया-दोन रुपये का होईना. पुढच्या वर्षी नरनाळा आहे, बाळापूर आहे. तेव्हा "मला नाही यायचं" म्हणणारे पोरगे आधी आपल्या वर्गणीचा आकडा विचारील, आणि तो त्याला पाठच असेल.