मोटर तासाला किती वीज खाते?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज बोंडअळीवर बोलत नाही, कापसाच्या भावावरही नाही. विजेचा हिशेब मांडायचा आहे. मागे बसलेले काही जण म्हणतील, साहेब, बिल शून्य आले, आता हिशेब कशाचा काढता? त्यांच्यासाठीच हा विषय घेतला आहे. बिल शून्य झाले म्हणून मोटर वीज खायची थांबलेली नाही. तुमच्या नावावर कोणीतरी ते बिल भरतो आहे आणि किती भरतो ते तुम्हाला माहीत नाही. आपल्या नावावर किती उधारी लिहिली हे न बघता दुकानातून उठणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. विजेच्या बाबतीत मात्र आपण सगळे तसेच उठतो.

आधी साधे गणित. मोटरीच्या पाटीवर ५ हॉर्सपॉवर लिहिलेले असते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. पाच म्हणजे ३,७३० वॅट, पावणेचार किलोवॅट. पण पाटीवरचा आकडा हा मोटर पंपाला किती ताकद देते त्याचा आहे, तारेतून किती ओढते त्याचा नाही. मोटर गरम होते, आवाज करते, त्यात काही वीज जाते. शंभरातले ऐंशी कामी आले असे धरले तर ओढलेली वीज साडेचार ते पावणेपाच किलोवॅट होते. एक किलोवॅट एक तास चालले की एक युनिट. म्हणजे आपली पाचची मोटर पूर्ण भारावर तासाला ४.६ युनिटांच्या आसपास खाते. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. मीटर असेल तर त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटाला किती लुकलुका ते मीटरच्या पाटीवरच छापलेले असते. समजा ८०० आहे. मोटर चालू करा, पाच मिनिटे थांबा, मग घड्याळ लावून एक मिनिट मोजा. ६१ वेळा लुकलुकला तर तासाला ३,६६० वेळा, भागिले ८००, म्हणजे ४.६ युनिट. मीटर नसेल तर वायरमनकडे तारेला चिमटा लावून अँपिअर दाखवणारे यंत्र असते. तीन फेजच्या मोटरीला अँपिअर गुणिले व्होल्ट गुणिले १.७३ आणि त्याचे ८५ टक्के. साडेसात अँपिअर, ४१५ व्होल्ट, उत्तर तेच साडेचार किलोवॅटच्या आसपास येते. सातवीतल्या पोराला सांगा, तो करून देईल.

पण विजेचा हिशेब युनिटात संपत नाही, तो पाण्यात करायला हवा. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली धरा आणि किती सेकंदात भरतो ते पाहा. तीस सेकंदांत भरला तर मिनिटाला चारशे, तासाला चोवीस हजार लिटर. एका एकरावर दोन इंच पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागते. म्हणजे साडेआठ तास मोटर आणि एकोणचाळीस युनिट वीज. रब्बी ज्वारी पोटरीवर आली की दिलेले एक पाणी तुम्हाला एवढ्याला पडले. डिझेल इंजिन असते तर तासाला लिटरभर जळाले असते. नव्वद रुपये लिटर धरून याच एका पाण्याचे साडेसातशेच्या वर होतात.

आता विज्ञान काय सांगते ते बघा. एक युनिट वीज पूर्णपणे कामी आली तर तीन लाख सदुसष्ट हजार लिटर पाणी एक मीटर वर उचलते. तुमच्या विहिरीतले पाणी आणि पाइपाचे तोंड यांत, पाइपातले घर्षण धरून, वीस मीटर अंतर असेल तर युनिटामागे अठरा हजार लिटर यायला हवे. वरच्या उदाहरणात आले सव्वापाच हजार. शंभरातले अठ्ठावीस! उरलेले बहात्तर कुठे गेले? थोडे मोटरीच्या उष्णतेत, थोडे झिजलेल्या इंपेलरमध्ये, थोडे बुडाच्या चोंदलेल्या फूटवॉल्व्हमध्ये आणि बरेचसे पाइपात. दोन इंची पाइप काढून अडीच इंची टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण एक तृतीयांशावर येते. हे शेतकी कॉलेजात एका तासात शिकवतात. पंप विकणारा दुकानदार मात्र सांगत नाही. तो म्हणतो, पाणी कमी पडते का, मग साडेसातची घ्या. विहिरीत झरा तेवढाच, मोटर दीडपट. दोन तासांऐवजी सव्वा तासात विहीर रिकामी होते, एवढाच फायदा.

आणि व्होल्टेज! ४१५ लिहिलेले असते, रात्री मिळते तीनशे. व्होल्टेज पाऊणपटीच्या खाली उतरले की मोटरीचा उचलण्याचा जोर निम्म्यावर येतो. ती अडून बसते, जास्त अँपिअर ओढते, जळते. त्यात प्रत्येकाने ऑटो बसवलेला. वीज आली की डीपीवरच्या पंचवीस मोटरी एकाच क्षणी उठतात आणि डीपीच उडतो. मोफत विजेचे खरे बिल रिवाइंडिंगच्या दुकानात भरावे लागते. गेल्या तीन वर्षांत मोटर किती वेळा भरली याचा हिशेब घरी जाऊन करा. ती रक्कम कोणत्याच योजनेत माफ नाही.

आता मोठ्या हिशेबाकडे येतो. राज्यात २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर शेतीची वीज मोफत झाली आणि पुढच्याच वर्षी ती बंद झाली. जुलै २०२४ मध्ये पुन्हा निर्णय झाला. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज. ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटी रुपये. भागाकार करा. प्रत्येक पंपामागे साडेतेहतीस हजार रुपये. त्याच निर्णयात राज्यातले कृषिपंप ४७ लाख ४१ हजार आणि त्यांचा वर्षाचा वापर ३९,२४६ दशलक्ष युनिट दिला आहे. तोही भागाकार करा. पंपामागे सव्वाआठ हजार युनिट.

मघाचा आकडा आठवा. पाचची मोटर तासाला ४.६ युनिट. सव्वाआठ हजार युनिट खायला तिला अठराशे तास चालावे लागेल. आठ तासांच्या पाळीने सव्वादोनशे दिवस. सभेला विचारतो, इथे कोणाची विहीर वर्षातले सव्वादोनशे दिवस आठ-आठ तास चालते? हात वर करा. काळ्या दगडातली आपली विहीर दसऱ्यानंतर दोन तास उपसते आणि संक्रांतीनंतर तळ दाखवते. चार महिने, रोज दोन तास, २४० तास. युनिट झाले अकराशे. सरासरीच्या सातव्या हिश्शाइतकेही नाही.

उसाच्या पट्ट्यात जास्त चालतात, खोल बोअरला मोठ्या मोटरी लागतात, हे मी मान्य करतो. सरासरी म्हणजे चोरी सिद्ध झाली असे नाही. पण लाखो पंपांना मीटर नाही, असलेले कित्येक बंद आहेत, मग हा वापर मोजला कोणी? तो अंदाजाने लिहिला जातो. आपल्याकडे आकडा दोन प्रकारांनी टाकतात, एक तारेवर आणि एक कागदावर. तारेवर टाकणाऱ्याला पकडायला पथक येते. कागदावर टाकला तर गळती आणि चोरी शेतीच्या खात्यात जिरते. २०२० च्या दर आदेशात राज्याच्या वीज नियामक आयोगानेही शेतीचा दाखवलेला वापर जसाच्या तसा मान्य केला नव्हता. आणि २००३ च्या वीज कायद्याचे ५५ वे कलम सांगते की दोन वर्षांनंतर मीटरशिवाय वीज द्यायचीच नाही. ती दोन वर्षे २००५ मध्येच संपली.

ज्यांच्याकडे विहीरच नाही, त्यांनी डुलक्या काढू नयेत. अनुदानाच्या साडेतेहतीस हजारांतला एक रुपया कोरडवाहू ज्वारीवाल्याला मिळत नाही. पण शेतीच्या नावाचा बोजा कारखान्यांच्या वीजदरावर टाकला जातो. जिनिंगवाल्याचे बिल वाढते आणि तो ते कापसाच्या भावातून कापून घेतो. शेतीची वीज स्वस्त, म्हणून इतरांना महाग, हे ऐकून घ्यायचेही तुम्हीच आणि भरायचेही तुम्हीच.

मीटरला आपला माणूस घाबरतो, ते मला समजते. मीटर लागला की उद्या बिल येईल, ही भीती खोटी नाही. २०२९ नंतर काय होईल ते कोणी लिहून दिलेले नाही. पण त्या दिवशी बिल आले तर ते सव्वाआठ हजार युनिटांचे यावे की अकराशेचे, हे आजच्या नोंदीवर ठरेल. निदान डीपीवर एक मीटर बसवा आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लिहा, एवढी मागणी तरी गावाने ठराव करून द्यावी.

सौर पंपाचा अर्ज भरणाऱ्यांना एक सूचना. दहा टक्के हिस्सा भरून पंप मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. तिथे क्षमता जमिनीच्या एकरांवर ठरते. तुम्ही मात्र आधी विहिरीची खोली आणि झरा मोजून ठेवा, कारण पंप एकर ओढत नाही, पाणी ओढतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दहा पंपांच्या नोंदी आणायच्या आहेत. मोटरीच्या पाटीवरचा हॉर्सपॉवर, बिलावरचा हॉर्सपॉवर, ड्रम किती सेकंदात भरला, पाण्याची खोली, आणि दिवाळी ते संक्रांत मोटर रोज किती तास चालली. शेवटचा रकाना घरातल्या बाईला विचारून भरा. रात्री बॅटरी घेऊन बांधावर तीही उभी असते, आणि तास तिच्या बरोबर लक्षात असतात.