आठशे टनांचा दगड आणि त्याखालची जमीन



आजचा विषय कळल्यावर एका मित्रानं बजावलं, "परग्रहावरची माणसं आणू नकोस म्हणजे झालं." आणत नाही. पण ती ज्या गावात उतरली म्हणतात, तिथे जावंच लागेल. लेबनॉनमधलं बालबेक. तिथल्या रोमन काळातल्या ज्युपिटरच्या देवळाच्या जोत्यात तीन दगड ओळीनं बसवलेले आहेत. प्रत्येकाची लांबी सुमारे १९ मीटर, वजन अंदाजे ८०० टन, आणि तेही जमिनीपासून सातेक मीटर उंच. ते पाहिलं की कुणीतरी म्हणतंच, आजच्या यंत्रांनाही जे जमायचं नाही, ते त्यांना कसं जमलं?

यातलं पहिलं वाक्यच खोटं आहे. चीनमध्ये यानताईच्या गोदीत 'ताइसन' नावाची क्रेन आहे. २००८ साली तिनं २०,१३३ टन उचलले. बालबेकचे तिन्ही दगड एकदम दिले तरी त्याच्या आठव्या हिश्श्याइतकंही वजन भरणार नाही. फक्त ही क्रेन गोदीत कायमची रोवलेली आहे. दगड तिच्याकडे न्यावे लागतील, आणि घोडं अडतं ते तिथेच. ज्यानं पहारीनं एकदा तरी धोंडा हलवलाय त्याला ठाऊक असतं की धोंडा हलतो, पण पहारीखालची माती खचते.

रशियाची गोष्ट सांगतो. सेंट पीटर्सबर्गमध्ये पीटर द ग्रेटचा अश्वारूढ पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्यासाठी कॅथरीन राणीला एक प्रचंड खडक हवा होता. तो सापडला दलदलीत, अर्धा रुतलेला. वजन साधारण १,२५० टन. वाफेचं इंजिन तेव्हा खाणीतलं पाणी उपसण्यापलीकडे फारसं गेलेलं नव्हतं. मारिनोस कार्बुरिस नावाच्या ग्रीक अधिकाऱ्यानं तरफांनी खडक उचलून घेतला आणि पुढच्या कामासाठी थंडीची वाट पाहिली. दलदल गोठून टणक झाली, तेव्हा १७६९-७० च्या हिवाळ्यात खडक निघाला. खाली खाचा पाडलेल्या तुळया, खाचांमध्ये पितळी गोळे, गोळ्यांवर खडक. मागे मोकळ्या झालेल्या तुळया उचलायच्या आणि पुढे मांडायच्या. सुमारे ४०० माणसं रहाटांनी दोर ओढत होती, इशाऱ्यासाठी ढोलवाले खडकावरच बसलेले, आणि पाथरवटांची छिन्नीही वर चालूच होती! समुद्रापर्यंत सहाएक किलोमीटर तो असाच गेला. पुढे त्याच्यासाठी खास बांधलेल्या तराफ्यावरून शहरात.

मला यात सगळ्यांत मोठी हुशारी वाटते ती पितळी गोळ्यांची नाही, थंडीची वाट पाहण्याची.

आता आपल्या शेजारी, हैदराबादला या. हुसेनसागरातली बुद्धमूर्ती एकाच दगडाची, तीनशे टनांहून जड. खाणीपासून शहरापर्यंत ती ट्रेलरवर आली, म्हणजे यंत्रानं आपलं काम चोख केलं. मग ती तराफ्यावर चढवली आणि १० मार्च १९९० ला तराफा कलंडला. माणसं गेली. मूर्ती दोन वर्षांहून जास्त काळ तळ्याच्या तळाशी पडून होती. १९९२ मध्ये तिला वर काढून उभं केलं, तेही आधुनिक तंत्रानंच. मग ती बुडाली कशामुळे? रस्त्यानं जे पेललं, ते पाण्यानं पेललं नाही.

कॅलिफोर्नियात २०१२ साली ३४० टनांचा एक खडक संग्रहालयात नेला. वाहनाला दोनशेच्या आसपास चाकं, आणि सुमारे १७० किलोमीटरला ११ रात्री. वाहन होतंच, वेळ खाल्ला तो वळणांनी, पुलांनी आणि डोक्यावरच्या तारांनी.

बालबेकच्या रोमनांनी ही कटकट आधीच टाळली होती. त्यांची खाण देवळापासून किलोमीटरभरही दूर नाही, आणि देवळापेक्षा थोडी उंचावर आहे. चढ नाही, नदी नाही, पूल नाही.

त्याच खाणीत हजारेक टनांचा एक घडवलेला दगड आजही तसाच पडून आहे. त्याच्या शेजारी २०१४ मध्ये आणखी एक उघडा झाला, अंदाजे १,६५० टनांचा. पहिला का नेला नाही? ताकद कमी पडली म्हणून, असं आपण सहज म्हणतो. उत्खनन करणाऱ्यांचं मत वेगळं आहे. त्याच्या एका कडेचा दगड कच्चा निघाला. वाटेत तडकला असता. म्हणून ठेवला तिथेच.