एका टेबलावरची तीन ताटं

ठाणे-कल्याण-डोंबिवलीहून सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला निघालेल्या माणसाची बॅग वासावरून ओळखता येते. चिवडा, चकल्या, मेतकुटाची पुडी, लसणाची चटणी. शिवाय रोज रात्री वरण-भात मिळेल, असं सहलवाल्यांनी कबूल केलेलं असतंच. वरण-भाताशी माझं काही वैर नाही. पण साडेतीन हजार किलोमीटर उडून जायचं आणि तिथल्या माणसाच्या हातचा एक घासही न घेता परतायचं, म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेरूनच अक्षता टाकून येण्यासारखं आहे.

मलेशियात प्रामुख्यानं तीन समाज राहतात : मलाय, चिनी आणि भारतीय. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं या देशाच्या एका गोष्टीला अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. ती गोष्ट म्हणजे तिथली सकाळची न्याहारी! नासी लेमाक, रोटी चनाई आणि तेह तारिक, म्हणजे उंचावरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा. सिंगापूरच्या खाऊगल्ल्यांना तो मान २०२० सालीच मिळाला होता.

नासी म्हणजे भात. नारळाच्या दुधात, केवड्याच्या जातीतलं पांदानचं पान घालून तो शिजवतात. सोबत मिरचीचा सांबल, तळलेले शेंगदाणे, काकडी, अंडं आणि कुरकुरीत सुकी मासळी. ही मासळी आपल्या मांदेलीच्या कुळातली. सगळं केळीच्या पानात बांधलेलं. हे नासी लेमाक मी उघडलं तेव्हा परदेशी काही खातोय असं वाटेचना. भात, नारळ, सुकी मासळी : कोकणी माणसाला आणखी काय हवं? तिथले तमिळ लोक पुतू मायम विकतात. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, त्यावर ओलं खोबरं आणि गूळ. आपल्या नारळाच्या रसातल्या शिरवाळ्यांची ही सख्खी बहीण.

पिनांगला गेलात तर नासी कंदार खाल्ल्याशिवाय येऊ नका. कंदार म्हणजे कावड. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी खांद्यावर कावड घेऊन फिरत. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला कालवणं. कावड गेली, दुकानं आली, नाव मात्र राहिलं. भातावर चार-पाच कालवणांचे रस्से एकात एक ओततात आणि खवय्ये वर म्हणतात, ‘बंजिर!’ म्हणजे पूर येऊ दे! या तमिळ मुसलमानांच्या खाणावळींना ‘मामाक’ म्हणतात. मूळ शब्द तमिळमधला, अर्थ आपलाच : मामा. तिथं रोटीबरोबर डाळीचं जे कालवण येतं त्याचं नाव दालचा. आमच्याकडच्या लग्नांतला दालचा समुद्र ओलांडून तिथं मला भेटला.

शब्दांचंही असंच आहे. मलाय भाषेत चवीला ‘रासा’ म्हणतात, हा आपला रस. साखरेला ‘गुला’, हा आपला गूळ. माशाच्या डोक्याच्या कालवणात डोक्याला ‘कपाला’ म्हणतात, ते आपलं कपाळ. आणि ‘गारम’ म्हणजे मीठ! तेव्हा जेवताना ‘गरम, गरम’ म्हणालात तर समोर मीठ येईल. ही ओळख आजची नाही. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं. त्यानंतर लवकरच तिथं राहिलेल्या टोमे पिरेस या पोर्तुगीज औषधविक्यानं बंदरात ८४ भाषा ऐकू येतात, असं लिहून ठेवलं. तिथल्या व्यापाऱ्यांच्या यादीत चौल आणि दाभोळची माणसंही आहेत. आपले लोक पाचशे वर्षांपूर्वी तिथं जेवून आले आहेत.

आता चिनी पदार्थ. आपल्या नाक्यावरच्या गाडीवर मिळतं ते ‘चायनीज’ वेगळं. चिकन मंचुरियनचा जन्म मुंबईतला. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये ते केलं. पिनांगच्या चिनी माणसाचा जीव की प्राण म्हणजे चार क्वे तियाव. तांदळाच्या चपट्या, रुंद शेवया, कोळंबी, शिंपले, मोड आणि सोया सॉस, सगळं प्रखर आचेवर कढईत परतलेलं. परंपरेनं त्यात डुकराची चरबी असते, त्यामुळे तो मला चालत नाही. पण तिथल्या मुसलमान आचाऱ्यांनी चरबीऐवजी तेल घालून तो पदार्थ आपला करून टाकला आहे. तो मी दोनदा मागून खाल्ला.

आमच्या गटात डोंबिवलीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, कट्टर शाकाहारी. माझा प्रश्न ‘हलाल आहे का?’ आणि बाईंचा प्रश्न ‘मासळी नाही ना?’ बाईंची पंचाईत माझ्यापेक्षा मोठी. मलाय स्वयंपाकात बेलाचान पडतो, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा वाळवलेला गोळा. साध्या नाळीच्या भाजीतही तो असतो. मी दुकानदाराला आधी त्यांचा प्रश्न विचारायचो, मग माझा. एका संध्याकाळी आमच्या टेबलावर एक वयस्कर चिनी गृहस्थ येऊन बसले. त्यांच्या ताटात फक्त भाज्या आणि सोयाबीनचं पनीर. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी बौद्ध मांस-मासळी वर्ज्य करतात. त्यांचा तो दिवस होता. बाई म्हणाल्या, “अहो सर, म्हणजे ही यांची एकादशीच की!” त्या गृहस्थांनी उठून त्यांना चिनी शाकाहारी दुकान दाखवलं. चिनी जेवणाची सर्वांत जास्त धास्ती घेतलेल्या बाई त्या रात्री तिथंच पोटभर जेवल्या. टेबल एक, ताटं तीन. कुणी कुणाला ‘तिकडे सरका’ म्हटलं नाही.

यावरून मलेशियात सगळं आलबेल आहे, असं मी सांगणार नाही. मे १९६९ मध्ये क्वालालंपूरला मलाय आणि चिनी समाजांत भीषण दंगल झाली. आमच्या शेजारच्या भिवंडीत ती मे १९७० मध्ये झाली आणि मे १९८४ मध्ये पुन्हा. त्याआधीही दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या दुकानात चहा पीतच होती. एका कढईतलं खाल्ल्यानं दंगे थांबतात, हा भाबडेपणा झाला. पण ज्याच्या घरी आपण कधी जेवलोच नाही, त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी पटतं, हेही तितकंच खरं. मलेशियात सणाला ‘रूमा तरबुका’ करतात, म्हणजे उघडं घर. ईद, दिवाळी, चिनी नववर्ष, ज्याचा सण त्याचं दार इतरांसाठी उघडं.

आमच्याकडेही हे होतं. कल्याणच्या जुन्या वस्त्यांतून दिवाळीला फराळाचं ताट यायचं आणि ईदला शीरखुर्म्याचं भांडं जायचं. ज्यांना आमच्या हातचं चालत नसे त्यांच्याकडे सुका मेवा आणि साखर जायची, पण काहीतरी जायचंच. आज नव्या इमारतीत भाड्यानं घर विचारायला गेलं, की नावानंतरचा पहिला प्रश्न ताटाबद्दलचा असतो. मलाही तो विचारला गेला आहे. मराठीत कविता करतो हे सांगूनही उत्तर बदललं नाही. वाईट वाटलं ते घर गेलं याचं नाही. त्या जिन्यावरची मुलं शीरखुर्मा आणि करंजी एका दिवसात खाण्याच्या सुखाला मुकणार, याचं.

आपण ज्याला ‘आमचा स्थानिक पदार्थ’ म्हणतो, तो तरी कुठला? आमच्या कल्याणच्या खिडकी वड्यातला बटाटा आणि मिरची, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आलेली. ठाण्याच्या मामलेदार मिसळीसोबतचा पावही त्यांचाच. कुणीतरी आणलं, शेजाऱ्यानं चाखलं, आपल्या परीनं बदललं, की पदार्थ त्या गावचा होतो. माणसाचंही तसंच असावं.

तेव्हा परदेशी जाल तेव्हा जे चालत नाही ते जरूर टाळा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण शेजारी बसलेल्या माणसाला एकदा विचारा, ‘हे काय आहे, आणि तुम्ही ते कसं खाता?’ हाच प्रश्न आपल्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारायला तर पासपोर्टही लागत नाही.