सभा बंद होती, पण ग्रामसभा चालू

आम्ही कणकवली तालुक्यातल्या बचत गटातल्या बायका बोलतोय.

आमच्या वाडीतला व्हाळावरचा साकव मोडला. पोरांची शाळेची वाट बंद झाली. अर्ज घेऊन निघालो, तर गटातली आजी म्हणाली, "आता मेंबरच नाय. सांगतलास कोणाक?"

आजीचं खरं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. राज्यघटना सांगते, पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. पण ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि निवडणुका लांबल्या. त्यानंतर जिल्ह्याला मुख्य कार्यकारी अधिकारी आणि तालुक्याला गटविकास अधिकारी हेच प्रशासक होते. कार्यालयं उघडी होती. बंद होती ती सभा. ठराव करणारा आणि तो राबवणारा माणूस एकच होता. मग जाब कोण विचारणार? निम्म्या जागा आपल्या बायकांच्या, त्याही रिकाम्या होत्या.

6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं. तोवर गप्प बसायचं होतं का? नाही. ग्रामसभा चालू आहे, आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आम्ही तिथे साकवाचा ठराव लिहून घेतला, त्याची नक्कल मागितली. तुम्हीही जा. ठराव वाचल्याशिवाय सही करू नका. आणि उद्या कोणी मत मागायला दारात आलं, तर आधी नक्कल दाखवा.

येतो आम्ही. नमस्कार.