हजारी दर आणि छाट



मंदी आली म्हणजे मजुरी कापली जाते, ही गोष्ट सांगायला व्याख्यात्याची गरज नाही. ज्याला महिन्याचा पगार आहे त्याला पगार कापल्याचे पहिल्या तारखेला कळते. पण जो कोणाचा नोकर नाही, जो मोजून माल देतो आणि मोजून पैसे घेतो, त्याची मजुरी कशी कापली जाते हे त्याचे त्यालाही पुष्कळदा उमगत नाही. आज आम्ही त्याच माणसाविषयी बोलणार आहोत. माणूस म्हटले खरे, पण आपल्या भंडारा जिल्ह्यात ती बहुधा बाई असते. तिच्या मांडीवर सूप असते, सुपात तंबाखू आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला तेंदूपत्ता.

बिडी ओढावी असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ओढणाराची छाती जाते आणि वळणारीच्या छातीतही तंबाखूची धूळ बसते. परंतु धंदा वाईट म्हणून वळणारीचा हिशेबही वाईट असावा, हे काही न्यायाचे नाही.

या धंद्याची घडण आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. कारखानदार पत्ता आणि तंबाखू सट्टेदाराला देतो. सट्टेदार तो घरोघर वाटतो. बाई पत्ता भिजवते, कैचीने बेतशीर कापते, तंबाखू भरून वळते, दोऱ्याने बांधते, आणि पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करून सट्टेदाराकडे नेते. दर ठरतो हजारावर. सट्टेदार जुड्या चाळतो आणि जी बिडी पसंत नाही ती बाजूला काढतो. ही छाट. छाटीचे पैसे नाहीत.

आता आम्ही एक हिशेब मांडतो. आकडे हिशेबापुरते आहेत, बाजारातला दर म्हणून कोणी घेऊ नये. समजा हजारी दर दोनशे रुपये, बाई दिवसाला हजार बिड्या वळते आणि आठवड्याला सहा दिवस काम आहे. म्हणजे बाराशे रुपये. मंदी आली. सट्टेदार दराला हातही लावत नाही. तो एवढेच करतो की हजारात शंभर बिड्या छाटतो. दोनशेचे एकशेऐंशी झाले. मग पत्ता थोडा कमी, थोडा फाटका देतो. हजार भरायला बाईला पंधरा रुपयांचा पत्ता पदरचा घ्यावा लागतो. राहिले एकशेपासष्ट. आणि सहा दिवसांऐवजी माल चारच दिवस मिळतो. आठवड्याचे झाले सहाशे साठ. बाराशेचे सहाशे साठ झाले आणि कागदावरचा दर मात्र दोनशेचे दोनशेच! तपासनीस आला तर त्याला दोनशेच दिसणार.

म्हणून आम्ही म्हणतो की या धंद्यात दराची खरी घासाघीस दरावर होतच नाही, ती छाटीवर होते. ही आमचीच कल्पना आहे असे समजू नका. आपला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात असताना, जून १९५८ मध्ये, सरकारने विदर्भातील बिडी-मजुरीचे किमान दर ठरवले. त्या अधिसूचनेत केवळ दर नव्हते. छाट किती धरावी आणि वाद झाल्यास निवाडा कोणी करावा याचीही कलमे होती. दर ठरवणाराला कळले होते की छाट मोकळी ठेवली तर दराला अर्थ नाही. गोंदियाच्या बिडी, बिडीपत्ता व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघाने त्या कलमांविरुद्ध दाद मागितली. गोंदिया त्या वेळी आपल्याच जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. नागपूरला त्यांचा अर्ज फेटाळला गेला, पण सर्वोच्च न्यायालयात १५ नोव्हेंबर १९६१ रोजी ते जिंकले. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी निकाल लिहिला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सरकारला दर ठरवण्याचा अधिकार दिला आहे, कामाच्या इतर अटी ठरवण्याचा नव्हे, असा त्याचा आशय. कायद्याच्या अक्षराने तो निकाल बरोबर असेल. ज्या न्यायमूर्तींना मजुरांविषयी कळवळा होता, त्यांच्याच लेखणीतून तो उतरावा याचे मात्र आम्हांला वाईट वाटते.

ही फट बुजवायला संसदेला १९६६ उजाडले. त्या वर्षीच्या बिडी व सिगार कामगार कायद्यात घरी वळणारी बाईही कामगार ठरली. कच्चा माल किती दिला, बिडी का नाकारली, नाकारलेल्या बिडीचे पैसे मिळावेत की नाही, हे वाद झटपट मिटवण्याची सोय त्यात आली. नाकारलेली बिडी जाते कुठे, हा प्रश्न आमच्या आया-बहिणी कधीपासून विचारत होत्या! हे दोन्ही जुने कायदे आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. किमान वेतनाखाली काम करण्याचा करार, मजुराने राजीखुशीने केला तरी, रद्दबातल, हे जुन्या कायद्यातले तत्त्व नव्या संहितेतही आहे.

पण सट्टेदाराचे काय? त्यालाही या मंचावरून शिव्या देऊन चालणार नाही. सागरच्या एका खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदाराला स्वतंत्र कंत्राटदार ठरवले. म्हणजे तो कारखानदाराचा नोकर नाही. ऐकायला ‘स्वतंत्र’ हा शब्द मोठा गोड आहे. मंदीत कारखानदार आधी त्याचेच कमिशन कापतो. कायद्याचा दर त्याला उघड कमी करता येत नाही, मग तो आपली तूट छाटीतून भरून काढतो. वरचा कापतो म्हणून मधला कापतो, आणि खाली कापायला कोणी उरलेले नसते.

आमच्या लहानपणीची गोष्ट सांगतो. आमच्या मोहल्ल्यात आठ-दहा घरी बिडी वळत. एका वर्षी माल उठेनासा झाला. सट्टेदार आला आणि म्हणाला, दर उतरवा, नाही तर काम बंद. बायका गप्प. त्यांतली एक म्हातारी, आम्ही तिला मोठीमाय म्हणत असू, म्हणाली, “भाऊ, दराचं मागून बोलू. पयले सांग, हप्त्याले किती हजार बिडी घेशील? अन् छाट आमच्या समोर मोज.” सट्टेदार म्हणाला, पंधरा-वीस हजारांच्या वर घेता येणार नाही. मोठीमाय म्हणाली, मग तेवढीच घे, पण पुऱ्या दराने घे. आम्ही वाटून घेऊ. आणि खरोखर त्यांनी वाटून घेतले. ज्या घरी कमावता पुरुष होता तिने एक दिवस सोडला, विधवा होती तिला एक दिवस जास्त दिला. त्यावरून भांडणे झाली नाहीत असे नाही. चांगली कडाक्याची झाली! पण दर टिकला आणि छाट ओसरीत सगळ्यांच्या देखत मोजली जाऊ लागली.

हे तीनेक महिने चालले. मग सट्टेदाराने निम्मा माल शेजारच्या गावी नेला, तिथल्या बायका दहा टक्क्यांनी कमी घ्यायला तयार होत्या. आमच्या बायकांनी त्यांना नावे ठेवली. आज वाटते, नावे ठेवण्याऐवजी दोन कोस चालत जाऊन त्यांच्याशी बोलायला हवे होते. मोहल्ल्यापुरती एकी सट्टेदाराला एका संध्याकाळी ओलांडता येते.

मोठ्या प्रमाणावर हेच केरळात घडले. १९६६ चा कायदा लागू होताच मंगळूरच्या मालकांनी १९६८ मध्ये कन्नूरकडील काम बंद केले आणि सुमारे १२,००० कामगार घरी बसले. त्यांनी १९६९ साली दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली. पुढे बिडीचा खप घटू लागला तेव्हा त्या संस्थेने खाद्यपदार्थ आणि छत्र्यांचे धंदे सुरू केले. आपल्याकडे तसे का झाले नाही, असे आम्हांला विचारतात. एक कारण असे की तिकडचे कामगार पुष्कळसे एकत्र बसून वळत, एकमेकांचे तोंड पाहत. आपली बाई घरी एकटी वळते. शेजारणीची छाट किती गेली हे तिला ठाऊक नसते, आणि विचारायची लाजही वाटते.

आता पंधरवड्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागेल. साकोली-लाखांदूरकडची माणसे पहाटे जंगलात जातील, आणि पावसाळ्याआधी गोदामे भरतील. मग सट्टेदार नव्या पत्त्याचे वाटप करील. या सभेत ज्यांच्या घरी बिडी वळली जाते, निदान ज्यांच्या गल्लीत वळली जाते, त्यांना आमची एक विनंती आहे. एक वही करा. किती पत्ता मिळाला, किती बिड्या नेल्या, किती छाटल्या, किती दिवस काम आले, एवढे चार रकाने. ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्या घरी शाळेत जाणारे पोर आहे, ते लिहील. आणि महिन्याच्या शेवटी दहा घरच्या दहा वह्या एका ओसरीत आणा.