बर्मा बाजारातला ‘गालागा’
(मंडळाच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून एका टीव्ही-गेमविषयी बोलावे, हे काहींना पोरकट वाटेल. परंतु साहुकारपेठेत गलाईच्या दुकानांमागील खोल्यांत वाढलेल्या आम्हां मुलांच्या सुट्ट्या त्यानेच व्यापल्या होत्या, हे येथील अनेकांस स्मरत असेल.

आमचे वडील खानापूर तालुक्यातून मद्रासेस आले. दिवसभर भट्टी आणि मूस. १९९०नंतर केव्हातरी त्यांनी बर्मा बाजारातून एक यंत्र आणले. ब्रह्मदेशातून परतलेल्या कुटुंबांच्या उदरनिर्वाहासाठी १९६९ साली वसलेला हा बाजार परदेशी वस्तूंनी गजबजलेला असे. यंत्र होते जपानच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल, आणि कॅसेट ‘गालागा’ची.

मूळ ‘गालागा’ नाम्को कंपनीने १९८१ साली काढला, तो नाणे टाकून खेळावयाचा. त्या पेटीत तीन प्रोसेसर होते आणि पडदा उभा होता. १९८५ साली तोच खेळ फॅमिकॉमवर आला, तेव्हा उभे आकाश आडव्या टीव्हीत बसवावे लागले. कारागिरांनी उजवीकडे काळी पट्टी सोडून तेथे गुण मांडले. आम्ही तीच पट्टी अस्सल समजत होतो. पुढे संगणकावर मूळ खेळ पाहिला, तेव्हा तोच आम्हांस परका वाटला. (गावाकडचे पाहुणे आमच्या मराठीस हसत, तेव्हाही असेच काहीसे वाटे.)

या खेळात एक विलक्षण डाव आहे. शत्रूचा नायक खाली येऊन किरण सोडतो व आपले विमान ओढून नेतो. शिल्लक विमान असेल तरच खेळ चालू राहतो. मग झेपावणाऱ्या नायकास अचूक टिपले, तर कैदी सुटून आपल्या शेजारी येतो आणि दोन विमाने जोडीने लढतात. चुकून कैद्यावरच गोळी लागली, तर तो कायमचा गेला. दादा मुद्दाम पकडला जाई व नियंत्रक आमच्या हाती देई. आमची गोळी बहुधा कैद्यासच लागे. “अरं, दम धर की!” हे त्याचे ओरडणे भट्टीपर्यंत ऐकू जाई.

पुढे दुकानाची वाटणी झाली. दादा विट्यास गेला आणि बोलणे लग्नकार्यापुरते उरले. दोष कोणाचा, हे येथे सांगण्याचे कारण नाही. थोडा आमचाही होता.

यंदा माळा आवरताना ते यंत्र सापडले. आम्ही दादास फोन केला. या समारंभाच्या निमित्ताने तो आला. शेजाऱ्यांकडून जुना टीव्ही मागून आणला. कॅसेट दोनदा फुंकल्यावर चित्र उमटले. दादाने विमान पकडू दिले आणि काही न बोलता नियंत्रक पुढे केला. या वेळी आम्ही दम धरला. दोन्ही विमाने शेजारी आली, आणि पुढच्याच फेरीत दोन्ही गेली. “पुन्हा लाव,” दादा म्हणाला.